मशीनवरच्या चिठ्ठ्या

आमच्या घरात बंद पडलेले सव्वीस व्हॅक्यूम क्लीनर आहेत आणि धूळ मी झाडूने काढते. त्यातल्या एका हिरव्याला तर नवरा मला हातही लावू देत नाही; त्याच्यावर सगळ्यांचा डोळा आहे म्हणतो. या छंदवाल्यांचा एक ग्रुप आहे. मशीन कामातून गेलं की ते फुकट देऊन टाकायचं आणि ज्याला जो पार्ट हवा त्याने त्यावर आपल्या नावाची चिठ्ठी चिकटवायची, ही त्यांची रीत.

हे आयसीयूत होते तेव्हा ग्रुपमधले तिघे घरी आले. "वहिनी, आता कसं आहे?" म्हणाले आणि माझं उत्तर संपायच्या आत मागच्या खोलीत घुसले. एकाने पाइपात बोट घालून केसांचा गुंता बाहेर ओढला आणि त्याच बोटांनी माझ्या ताटलीतलं बिस्किट उचललं. शिसारी आली मला. ते गेल्यावर आत जाऊन बघते, तर मशीनवर चिठ्ठ्याच चिठ्ठ्या! मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे ऐकले होते, पण यांनी मढं व्हायचीही वाट पाहिली नव्हती.

हे घरी आले त्या दिवशी मी सगळी मळमळ ओकून टाकली. "असली गिधाडं तुमचे मित्र!"

त्यांनी हळूच विचारलं, "हिरव्यावर कोणाची चिठ्ठी आहे?"

"कोणाचीच नाही."

 

एवढ्या दुखण्यात डोळ्यांतून टिपूस न काढलेला माणूस भिंतीकडे तोंड करून रडायला लागला.