चरचर

धाडच्या बाजारात हबीबचाचांची भजी खाण्याआधी लोक त्यांचं तळणं पाहायला थांबत. चाचा मूळचे सारंगिये. कढईपुढे डोळे मिटून बसत आणि तेलाची चरचर मंदावली की नेमका झारा घालत. एकही घाणा करपत नसे. शेजारी त्यांची बायको नूरजहां पीठ कालवत बसे.

“एवढा तयार कान, चाचा! मंग सारंगी काऊन सोडली?” बघ्यांतल्या उकंडरावानं विचारलं.

चाचा गप्प.

“रुसून राह्यले का आमच्यावर?”

लोक हसले.

“तळताना ते बोलत नाहीत, भाऊ,” नूरजहां घाईनं म्हणाली.

एवढ्यात चरचर मंदावली. नूरजहांनं परातीआडून चाचांच्या पायावर अंगठा दाबला. चाचांनी डोळे न उघडता झारा घातला.