केतकीची तोंडी परीक्षा

“सर, आज माझी पीठ दुखते आहे,” मोबाइलमधून केतकी म्हणाली, आणि स्वयंपाकघरात कुमुद खळखळून हसली.

चूक सुधारायची सोडून अण्णासाहेब दाराकडे बघत राहिले. त्यांचा मुलगा मानस गेल्यापासून फरीदाबादच्या त्या फ्लॅटमध्ये कुणी हसलं नव्हतं.

“अगं, पीठ मळायचं असतं!” ओले हात पदराला पुसत कुमुद बाहेर आली. “दुखते ती पाठ.”

“अच्छा! सॉरी काकू. पाठ, पाठ. पुढच्या वेळी पूरी चेष्टा करीन.”

“चेष्टा म्हणजे थट्टा. प्रयत्न म्हण,” अण्णासाहेबांनी सांगितलं, पण त्यांनाही हसू आवरेना.

ही मोबाइलवरची शिकवणी म्हणजे तिथल्या मराठी मंडळातल्या लोकांनी काढलेली टूम. दिल्लीत वाढलेल्या मुलांचं मराठी पातळ होत चाललंय, तर निवृत्त मंडळींनी घरबसल्या शिकवावं, असं ठरलं. केंद्र सरकारच्या फायलींत जन्म घालवलेल्या अण्णासाहेबांकडे आता वेळच वेळ होता. सुरुवातीला पडद्यावर चौकोनच चौकोन दिसायचे. मग कुणाची परीक्षा आली, कुणाचा रिचार्ज संपला, आणि एकेक चौकोन विझला. उरली केतकी. तिचा चौकोन पहिल्यापासून काळाच होता. मेट्रोत उभ्या उभ्या शिकते, गर्दीत कॅमेरा कसा लावू, असं म्हणायची. एवढा मन लावून शिकणारा आवाज असल्यावर मास्तरांना चेहऱ्याची गरजही वाटली नाही.

“कशाला शिकतेस एवढं?” त्यांनी एकदा विचारलं.

“एका घरी जाऊन बोलायचंय, सर. मराठी घर आहे. आई गेल्यापासून आमच्या घरी हिंदीच चालते. पण त्यांच्यासमोर हिंदीत बोलले तर खोटं वाटेल.”

“आणि नाहीच पटलं त्यांना तर?”

“तर बिल्कुल बरोबर असेल त्यांचं.”

नवराबायकोनं एकमेकांकडे पाहिलं. लग्नाचंच असणार, दुसरं काय! त्या दिवसापासून केतकीचं लग्न हे त्या घरातलं कार्य झालं. पहिल्या भेटीला साडी नेसावी, हवी तर करोल बागेतून आपण घेऊन देऊ, असं कुमुदचं म्हणणं. पोरीला अवघडल्यासारखं होईल, सलवार-कमीजच बरी, असं अण्णासाहेबांचं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असा तो प्रकार होता. पण भांडायला पुन्हा विषय मिळाला, याचं दोघांनाही आतून बरं वाटत होतं. पोरीला त्या घरानं आपलं म्हणावं, एवढीच आता त्यांची इच्छा उरली होती.

सुट्टीच्या दुपारी दोघं गच्चीवर सतरंजी टाकून बसत. मोबाइल लोणच्याच्या बरणीला टेकवलेला असे. केतकी हळूहळू वाचत असे, आवाज मध्येच लांब जाई, परत येई. उन्हानं डोळा लागता लागता अण्णासाहेबांना वाटे, ही आपलीच लेक आहे आणि इथंच कुठंतरी कठड्याशी बसून वाचते आहे. खालची घरं, तारा, वाळत घातलेले कपडे, सगळं सोनेरी धुळीत तरंगत असे. जागं होऊच नये, असं वाटे.

धुकं उतरलं की मात्र ते खिडक्या लावून घेत. अशाच एका सकाळी मानस स्कूटर घेऊन निघाला होता. ठोकणारी गाडी थांबली नाही आणि पुढे सापडलीही नाही. हे सगळं त्यांनी केतकीला कधी सांगितलं नव्हतं.

“सर, सोडून जाणं आणि टाकून जाणं, सेम ना?” तिनं एका दुपारी विचारलं.

अण्णासाहेब व्याकरण आठवत असताना कुमुदच बोलली. “सोडून जाणाऱ्याचा पाय घुटमळतो गं. टाकून जाणाऱ्याचा नाही.”

पलीकडून फोन बंद झाला.

“नेटवर्क गेलं वाटतं,” अण्णासाहेब म्हणाले.

त्यानंतरच्या रविवारी सकाळीच तिचा फोन आला. बाहेर इतकं दाट धुकं होतं की समोरची इमारत कुणी पुसून टाकल्यासारखी दिसेनाशी झाली होती.

“सर, आजच जाते आहे. त्यांच्या जिन्यात उभी आहे. एकदा तोंडी परीक्षा घ्याल?”

कुमुद लगबगीनं येऊन फोनपाशी बसली. “घाबरू नकोस हं. माणसंच आहेत ती.”

केतकीनं श्वास घेतला. “नमस्कार. मी केतकी. मी फार पूर्वीच यायला हवं होतं, पण धीर झाला नाही. मी तुमच्याकडे शिक्षा मागायला आले आहे.”

अण्णासाहेबांनी कपाळावर हात मारला. “घात केलास! अगं, ती हिंदीतली शिक्षा. मराठीत शिक्षा म्हणजे सजा. शिक्षण म्हण, शिक्षण! सासूकडे शिक्षा मागायची नसते, ती न मागता मिळते.”

कुमुद तोंडावर पदर घेऊन हसली. केतकी हसली नाही.

तेवढ्यात दाराची बेल वाजली. तीच बेल फोनमधूनही ऐकू आली. कुमुद दार उघडायला गेली आणि अण्णासाहेब फोन कानाशी धरून तिच्या मागोमाग गेले.

दारात एक मुलगी उभी होती. तिच्याही कानाशी फोन होता. ती बोलली ते अण्णासाहेबांना दोनदा ऐकू आलं, एकदा दारातून आणि एकदा फोनमधून.

“शब्द चुकला नाही, सर. मानसच्या स्कूटरला ठोकणारी गाडी मी चालवत होते.”