जे दिसेल त्याचं नाव

खिंडीपलीकडे ट्रक घेऊन गेलेल्या एर्मेकचा फोन कालपासून लागेना. त्याच्या आईची, उर्कुयाची, छाती धडधडू लागली, हातपाय गार पडले, श्वास पुरेना.

नर्स असलेली लेक बेगिमाई तिचे तळवे चोळत म्हणाली, “अपा, दरवेळी तुझं हेच. काही बरंवाईट झालं असतं, तर पांढऱ्या टोप्या घालून गावचे म्हातारे एव्हाना सांगायला आले नसते का? असलं काही फोनवर सांगतं का कुणी? श्वास हळूहळू सोड. खिडकीबाहेर जे दिसेल त्याचं नाव घे, जीव थाऱ्यावर येईल.”

“सफरचंदाचं झाड,” उर्कुया पुटपुटली. “वाळत घातलेली गोधडी. कोंबड्या.” श्वास खरंच संथ होत आला. “फाटक.”

“हां, अस्सं. आणखी?”

 

“फाटकात पांढऱ्या टोप्या दिसतायत गं, बेगिमाई.”