बोर्डावर लंडन

"उप्साला न्हाय चालणार," हिंदुराव म्हणाले. "त्यात उप हाय."

सोलापुरात आसरा चौकाजवळच्या डिजिटल बोर्डाच्या दुकानात शिवयोगी कॉम्प्युटरसमोर बसला होता. त्याच्या मागे प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर हिंदुराव आणि त्यांची मुलगी वैजयंती. राज्यशास्त्रात एम. ए. करायला तिला दोन विद्यापीठांनी घेतलं होतं, एक लंडनचं, दुसरं स्वीडनमधल्या उप्साला नावाच्या गावाचं. कुठलं ते संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. अभिनंदनाचा बोर्ड मात्र त्याआधीच टेंभुर्णीच्या चौकात लागायला हवा होता, कारण पक्षाच्या साहेबांची गाडी दुपारी तिथून जाणार होती.

"ते गावाचं नाव आहे, अण्णा. उपचा काही संबंध नाही."

"गावाचं असू दे न्हायतर देवाचं. मी उपसरपंच झालो, उपसभापती झालो, कारखान्यावर उपाध्यक्ष झालो. दर टायमाला हार मला आणि खुर्ची दुसऱ्याला. आता पोरगीपण उपमधीच?"

शिवयोगीनं नाव मोठ्या अक्षरांत टाकून बघितलं. ओळीत मावेना, म्हणून तोडलं. वर उप राहिलं आणि खाली साला आला, नेमका साहेबांच्या फोटोला चिकटून.

"बघ," हिंदुराव म्हणाले. "हे चौकात लावलं तर पुढच्या टायमाला उपबी मिळायचं न्हाय. लंडन कसं, टपरीवाल्यालाबी ठावं हाय."

वैजयंतीला उप्सालाच हवं होतं. लंडनहून सगळ्यांना जातो तसला ठरीव मजकूर आला होता. उप्सालाच्या प्राध्यापक बाईंनी तिचा प्रवेशाचा निबंध वाचून एक प्रश्न विचारला होता: तुमच्याकडे निवडून आलेली बाई सभेत कुठे बसते? इतकं साधं तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. कॉलेजातल्या सरांनी तर नाहीच. ते गाईडमधलं विचारायचे.

"मी उप्सालालाच जाणार," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण खुर्चीची कड घट्ट धरली होती.

हिंदुरावांनी तिच्याकडे वळून बघितलं. "जा की."

"म्हणजे?"

"तुला कुटं शिकायचं तितं शीक. मी आडवा येतोय व्हय? हितं बोर्डावर लंडन हाय, एवढं ध्यानात ठेव. फोटोबिटो टाकशील तवा मागची पाटी दिसू देऊ नको."

तिनं फोन काढून उप्सालाला होकार कळवला. अण्णांना पटवायला रात्रभर जागून तयार केलेली सगळी उत्तरं तशीच राहिली.

"आता नावाखाली घे," हिंदुराव शिवयोगीला म्हणाले. "भावी जिल्हा परिषद सदस्या."

शिवयोगीनं घेतलं. अक्षरं लंडनपेक्षा मोठी आली. ती लहान करायला कुणी सांगितलं नाही.

"हे काय, अण्णा?"

"आपला झेडपीचा गट महिलेला राखीव सुटलाय की. तुझी आई घराबाहेर बोलत न्हाय. तू शिकलेली, त्यात लंडनची."

"मी दोन वर्षं इथे नसणार."

"म्हणून तर. हितं असलीस की लई प्रश्न विचारतीस. अर्ज भरायला ये, गुलालाला ये. मधलं मी बघतो."

"मी निबंधच ह्याच्यावर लिहिलाय. बायका निवडून येतात आणि कारभार नवरे आणि बाप करतात, ह्याच्यावर."

"मग बरंच झालं की," हिंदुराव मनापासून म्हणाले. "लोकांना माहितीसाठी गावोगाव हिंडावं लागतं. तुला घरातच मिळाली."

वैजयंतीनं पडद्यावरची ती मोठी अक्षरं पुन्हा वाचली.

"मी उभी राहणार नाही, अण्णा."

"उभी कशाला? कमरेपर्यंतचाच फोटो टाकायचाय."

शिवयोगीनं तिचा पासपोर्टचा फोटो मोठा केला आणि मान तिरकी करून बघितला. "अण्णा, ताई रागात दिसत्यात की."

"पासपोर्टला हसू देत न्हाईत म्हणं."

"मग आपण हसवू. आता ॲप आलंय."

त्यानं बटण दाबलं. पडद्यावरची वैजयंती हसली. दातही दिसले, तिच्या दातांपेक्षा सरळ. फोटोत हात नव्हते, म्हणून त्यानं हातही लावले. कुणाचे तरी, बांगड्या भरलेले, जोडलेले.

"डोक्यावर पदर घेऊ का?"

"घे," हिंदुराव म्हणाले. मग थोडा विचार करून, "पण निम्माच. लंडनची हाय."

शिवयोगीनं निम्मा पदर घेतला. हिंदुराव खुर्ची पुढे ओढून बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. शेजारच्या खुर्चीवरची मुलगी उठून बाहेर गेली, ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

"आता कशी," ते म्हणाले, "शहाण्यासारखी दिसती."