चाळीस टक्के

जन्मांध सुनीती ब्रेल पुस्तकं तपासायची. त्या सकाळी कॉम्प्युटरचे यूएसबी पोर्ट बंद पडू लागले आणि त्यांना जोडलेल्या, पडद्यावरचा मजकूर उठावाच्या ठिपक्यांत दाखवणाऱ्या ब्रेलयंत्राचे ठिपके बोटांखालून नाहीसे झाले. दहावीचं पुस्तक दुपारीच पाठवायचं होतं. कॉम्प्युटरचं फर्मवेअर, म्हणजे त्याचं मुळातलं सॉफ्टवेअर, अपडेट करणं हाच उपाय. पण तेवढा वेळ स्क्रीन वाचणारा आवाजही गप्प राहणार होता. जिन्यातल्या चपलांवरून वर्षभर अबोला असलेल्या शेजारच्या आपटेकाकांना तिनं नाइलाजानं बोलावलं. “अडतीस... चाळीस टक्के,” वाचताना काका थांबले. “अडकलं?” घाबरून तिनं हात कॉम्प्युटर बंद करायच्या बटणावर नेला. मध्येच बंद केलं तर कॉम्प्युटर कायमचा गेला असता. “छे, एक्केचाळीस,” काका म्हणाले. “बेचाळीस...” अखेर बोटांखाली ठिपके उमटले. “वीस मिनिटं चाळीसवरच होतं,” काका पुटपुटले. “तुमचा हात बटणावर, म्हणून मनाचेच आकडे सांगितले.” “पुढच्या वेळी खरं वाचा!” सुनीती कडाडली. मग हळूच म्हणाली, “पण या.”