साक्षीला कोण

शेजारच्या शुभाच्या लहानग्या श्रुतिकाला फिट आली, तेव्हा सुलक्षणाने मायलेकींना स्कूटरवर मागे घेतलं आणि मुलुंडचा लाल सिग्नल तोडून दवाखाना गाठला. पोर वाचली. मागोमाग सुलक्षणाच्या मोबाईलवर चलान आलं.

ट्रॅफिकच्या साहेबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. "त्या बाईंना घेऊन या. लगेच रद्द करतो."

शुभाने दार अर्धंच उघडलं. "फिटचं कुठेही बोलू नकोस गं. पुढे पोरीचं लग्न जमवायचंय मला."

सुलक्षणा एकटीच साहेबांकडे परत गेली.

"त्या बाई नाही आल्या? मग सिग्नल का तोडलात?"

"घाई होती," ती म्हणाली आणि दंड भरून आली.

संध्याकाळी जिन्यात शुभा बायकांना सांगत होती, "कशीही चालवते ती. मी तर बाई कधीच बसत नाही तिच्या मागे."