दोष ठरला

"पोटात असताना आईला काही आजार?" डॉक्टर उमा यांनी अंकिताकडे बघून विचारलं.

उत्तर सासूकडून आलं. "आजार कसला? गिऱ्हाणात भेंडी चिरत बसलीती ही. त्याचंच हाय हे सगळं." राहीबाईंनी टेबलापाशी जमिनीवर बसलेल्या नातवाकडे हात केला. साईराज साडेतीन वर्षांचा होता. खेळण्यातल्या गाडीचं एकच चाक फिरवत बसला होता. हाक मारली तरी वर बघत नव्हता, आणि 'आई' अजून एकदाही म्हणाला नव्हता.

अंकिताला हे पाठ झालं होतं. हळदीकुंकू असो, बारसं असो, ती जाईल तिथं तिची भेंडी आधी पोचलेली असायची.

"पाचव्या महिन्यात ताप होता मला," ती म्हणाली. "आठवडाभर फणफणले होते. इस्लामपूरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पण आत्यांनी घेऊ दिल्या न्हाईत."

"पोटुशीला गोळ्या उष्ण पडत्यात," राहीबाई म्हणाल्या. "जपलं मी हिला. काढा दिला, पट्ट्या ठिवल्या."

"असा ताप अंगावर काढायचा नसतो, आजी. पोटातल्या बाळाच्या मेंदूला त्याचा त्रास होऊ शकतो."

अंकिता खुर्चीत पुढं सरकली. "म्हंजे तापानंच झालं ना?"

"तसं नक्की नाही सांगता येणार. असेलही, नसेलही. ताप येऊनसुद्धा पुष्कळ मुलं छान वाढतात."

हसावं की कपाळ बडवावं, अंकिताला कळेना. भेंडीचं सगळ्या गावाला नक्की माहीत होतं. एवढी शिकलेली बाई मात्र असेलही, नसेलही म्हणत होती.

"ते जाऊ द्या," डॉक्टर म्हणाल्या. "आठवड्यातून दोनदा थेरपीला आणा त्याला. बोलायला, खेळायला शिकवू. हेच वय आहे, आता वेळ घालवू नका."

बाहेर आल्यावर राहीबाई जिन्यातच थांबल्या. "काय नगं दोनदा-बिनदा. गिऱ्हाण लागल्यालं पोरगं शिकवून काय हुतंय? उगं कराडला हेलपाटं."

कडेवर साईराज अंग टाकून देत होता. अंकिताच्या ओठांवर आलं होतं सगळं, ताप, गोळ्या, सगळं. मग तिला वाटलं, हे भांडण जिंकेपर्यंत पोरगं दहा वर्षांचं होईल.

"बरं आत्या. गिऱ्हाणच. भेंडी मीच चिरली, दोष माझाच. गावभर सांगा, मी न्हाई म्हणणार न्हाई. पण दर मंगळवारी आन शुक्रवारी मी ह्याला घिऊन इथं येणार. त्यात आडवं यायचं न्हाई."

सुनेनं सगळं कबूल केलं होतं, तरी राहीबाईंना काही बरं वाटलं नाही. खाली पडलेली साईराजची चप्पल उचलून त्यांनी त्याच्या पायात घातली.

"यष्टीत एकटी कशी धरशील ह्याला? मी बी यीन," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणला. "पर त्या बाईपुढं गोळ्यांचं परत काढू नगंस."